खाप्याची नदी, खाप्याचे माग आणि एक हिरवी पाटी

नागपूरहून छिंदवाड्याचा रस्ता धरला की कोराडीच्या वीज केंद्राची धुराडी बराच वेळ नजरेआड होत नाहीत. पाटणसावंगीला मोठा रस्ता सोडून उत्तरेकडे वळले की शेते आणि संत्र्यांच्या बागा लागतात, आणि थोड्याच वेळात खापा येते. सावनेर तालुक्यातले हे गाव कन्हान नदीच्या उंच काठावर वसले आहे. गाव म्हणावे तर इथे 1867 सालापासून नगरपालिका आहे. शहर म्हणावे तर जोहरच्या नमाजनंतर बाजाराची गल्लीसुद्धा पेंगते. आम्ही दोघे नात्यातल्या एका वलीम्यासाठी गेलो होतो. जेवणे लवकर आटोपली, परतीच्या गाडीला अवकाश होता, आणि खापा पायी फिरून पाहण्याइतकेच मोठे आहे.

इथली दोन कामे जुनी. एक मागावरचे, दुसरे खाणीतले. जाडेभरडे, टिकाऊ सुती कापड विणणारे गाव अशी खाप्याची ओळख इंग्रजी अमदानीच्या कागदपत्रांतही आहे. कोष्ट्यांच्या वस्तीत आता मागांचा आवाज पूर्वीसारखा येत नाही. यंत्रमागाने जे मोमिनपुऱ्याचे आणि कामठीचे केले तेच इथेही झाले. आपले मोमीन विणकर आणि हे कोष्टी यांचा सुताचा बाजार एक, आणि मंदीही एकच. तरी एखाद्या ओसरीवर जुना माग अजून उभा दिसतो, आणि त्याच्याजवळ बसलेला म्हातारा कापडाला बोट लावून सूत कोणत्या नंबरचे ते सांगतो.

दुसरे काम गुमगावच्या खाणीचे. ही मँगनीजची भूमिगत खाण खाप्याला लागूनच आहे. नागपूर-भंडारा पट्ट्यातले मँगनीज शंभराहून अधिक वर्षे निघत आहे. 1962 मध्ये स्थापन झालेली, नागपुरात मुख्यालय असलेली मॉइल ही सरकारी कंपनी आता ते काढते. पोलादाला कणखर करण्यासाठी हे खनिज लागते. शिवाय भंडारा जिल्ह्यातल्या डोंगरी बुजुर्गला मॉइल त्यापासून बॅटरीच्या सेलमध्ये लागणारी मँगनीज डायऑक्साइडची काळी भुकटी बनवते. टॉर्चचा सेल फोडल्यावर हात काळे करणारी ती भुकटी याच जातीची.

जमिनीतून धातू काढणाऱ्या या गावात त्या दुपारी आम्ही दुसरीही एक खाण पाहिली. ती एका कबाडीच्या दुकानात गोणीत भरून ठेवलेली होती.

दुकान कसले, पत्र्याची एक शेड. लोखंड एकीकडे, पुठ्ठा एकीकडे, बाटल्या मागे. आणि वजनकाट्याच्या शेजारी एक गोणी, तिच्यात हिरव्या-तपकिरी पाट्या: टीव्हीच्या, सेट-टॉप बॉक्सच्या, इन्व्हर्टरच्या, चार्जरच्या, मोबाइलच्या. यंत्राचे सगळे सुटे भाग ज्या पाटीवर डाग देऊन बसवलेले असतात, तिलाच सर्किट बोर्ड म्हणतात. दुकानाचे चाचा साठीच्या पुढचे, दाढी मेंदीने रंगवलेली. बाकी भंगारापेक्षा या गोणीकडे त्यांचे लक्ष जास्त. "लोखंड रोजचे आहे," ते म्हणाले, "हे महिन्यातून एकदा, पण महिना यावर निघतो."

शेजारच्या ओट्यावर एक वृद्ध कोष्टी गृहस्थ बसले होते, चाचांचे जुने सोबती. आम्ही एक पाटी हातात घेऊन पाहत होतो, तेव्हा त्यांनी ती मागून घेतली. एक कोपरा आधीच तुटलेला होता. त्यांनी तुटलेली कड नखाने खरवडली, तशी बारीक पांढरी तुसे वर आली. डोळ्यांजवळ नेऊन त्यांनी पाहिले आणि म्हणाले, "हे तर कापड आहे. ताणा आहे, बाणा आहे."

त्यांचे बरोबर होते. बहुतेक चांगल्या सर्किट बोर्डांचा पाया म्हणजे काचेच्या धाग्याचे विणलेले कापड. काच वितळवून तिचे केसाहून बारीक तंतू ओढतात, त्यांचे सूत करतात आणि ते मागावर साध्या विणीत विणतात. मग असे सात-आठ पदर इपॉक्सी नावाच्या राळेत भिजवून एकावर एक दाबतात, वर तांब्याचा पातळ पत्रा चिकटवतात, आणि दीड मिलिमीटर जाडीची पाटी तयार होते. हिरवा रंग वरच्या लेपाचा. आग लागू नये म्हणून त्या राळेत ब्रोमीनची संयुगे मिसळलेली असतात. आमच्या हातात रोज असणाऱ्या वस्तूच्या पोटात विणकाम आहे, हे आम्हाला खाप्यात एका विणकराने दाखवले, याची आम्हाला अजून गंमत वाटते.

आता या कापडात काय गुंडाळलेले आहे ते पाहू. सर्किट बोर्डाच्या वजनात तांबे साधारण पाचवा हिस्सा असते. खाप्यापासून फार दूर नसलेल्या बालाघाट जिल्ह्यात मलाजखंड ही तांब्याची मोठी खाण आहे. तिच्या दगडात तांबे एक टक्क्याच्या आसपास. म्हणजे चाचांची गोणी त्या डोंगराच्या वीसपट श्रीमंत. सोन्याचेही तसेच. सोन्याच्या खाणीत टनभर दगडामागे काही ग्रॅम सोने निघाले तरी खाण चालते; संगणकाच्या आणि मोबाइलच्या बोर्डांत टनामागे शंभर-दोनशे ग्रॅम आणि कधी त्याहून जास्त सोने असते. अर्थात एका मोबाइलमधले सोने ग्रॅमचा दोन-तीन शतांश. त्यासाठी घरातला फोन फोडून बसणे हा मूर्खपणाच. मोल आहे ते हजारो फोन एकत्र आल्यावर.

सोन्यासोबत विषही आहे. जुन्या बोर्डांच्या डागात शिसे असते. युरोपने 2006 मध्ये त्यावर बंधन आणल्यापासून ते कमी झाले, पण घराघरांतला जुना माल अजून निघतोच आहे. राळेतले ब्रोमीन उघड्यावर जाळले की त्यातून डायॉक्सिन जातीची विषारी द्रव्ये तयार होतात. ती मातीत, गवतात, तिथून दुधात उतरतात. लहान मुलांच्या बाबतीत शिशाची अमुक एक मात्रा सुरक्षित असे सांगताच येत नाही, हे जागतिक आरोग्य संघटनेचे मत आहे.

"हे इथून कुठे जाते?" आम्ही विचारले. चाचांनी सांगितले ते ओळखीचेच होते. नागपूरचा व्यापारी टेम्पो पाठवतो, तिथून माल दिल्लीकडे. त्यापुढचे त्यांना ठाऊक नव्हते आणि ठाऊक करून घेण्याचे त्यांना कारणही नव्हते.

त्यापुढचा मुक्काम बऱ्याचदा मुरादाबाद असतो. पितळी भांड्यांसाठी जगभर नाव कमावलेले हे उत्तर प्रदेशातले शहर. आपल्या घरातल्या जुन्या नक्षीदार तबकांतली बरीच तिथल्या मुस्लिम कारागिरांच्या हातची. पितळेचा धंदा मंदावला तेव्हा धातू गाळायची कला हातात असलेल्या या कुटुंबांपुढे बोर्डांच्या गोणी येऊन पडल्या. देशातल्या टाकाऊ बोर्डांपैकी निम्मे एकट्या मुरादाबादेत पोहोचतात, असा अंदाज दिल्लीच्या सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्न्मेंट या संस्थेने मांडला आहे. तिथे काम असे चालते: बोर्ड तापवून त्यावरचे सुटे भाग ओरबाडायचे, सोन्याचा मुलामा असलेले तुकडे तेजाबात टाकायचे, उरलेली पाटी जाळायची, राख दळायची आणि रामगंगेच्या पाण्यात चाळून तांबे वेगळे करायचे. उरते ती काळी भुकटी. तिचे ढीग नदीकाठी इतके वाढले की 2017 मध्ये राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाला रामगंगेच्या काठावर असा कचरा टाकणाऱ्यास एक लाख रुपये दंड ठरवावा लागला.

या कामात घरेच्या घरे आहेत. अंगणात भट्टी, तीच स्वयंपाकाची जागा. जगात 1 कोटी 29 लाख स्त्रिया कचऱ्याच्या अनौपचारिक धंद्यात आहेत, असे जागतिक आरोग्य संघटनेने 2021 मध्ये म्हटले होते. त्यांच्यातल्या कितीतरी मूल पोटात असताना हा धूर घेतात. आपल्याच बिरादरीचे लोक हे करतात म्हणून झाकून ठेवावे, किंवा त्यांनाच गुन्हेगार ठरवून मोकळे व्हावे, हे दोन्ही आम्हाला पटत नाही. हलाल रोजी कमावणारी ही माणसे आहेत. त्यांच्या हातात दिलेले साधन घातक आहे. दोष बराचसा त्या साधनाचा आहे, आणि ते बदलू शकणाऱ्यांचा.

साधन बदलता येते का? याचे एक उत्तर आपल्यापैकी अनेकांच्या स्वयंपाकघरात आहे. मायक्रोवेव्हमध्ये चहा गरम करायला ठेवला की चहा उकळतो, पण कपाला बहुधा त्याच्या आतल्या चहाचीच काय ती ऊब लागते. गॅसची आच बाहेरून आत शिरते. मायक्रोवेव्हच्या लहरी थेट त्या पदार्थालाच तापवतात ज्याला त्या पचतात. घरच्या भट्टीत या लहरी सेकंदाला 245 कोटी आवर्तने घेतात, आणि पाण्याचे रेणू त्यांच्या मागे धावून धावून तापतात. आणि सोनेरी काठाचा कप चुकून आत ठेवला की काय होते तेही कित्येक गृहिणींनी पाहिले असेल: तडतड ठिणग्या उडतात.

बोर्डावर ही दोन्ही गोष्टी एकाच वेळी घडतात. काच आणि राळ यांना सुरुवातीला या लहरींचे फारसे काही वाटत नाही. पण धातूच्या टोकांशी ठिणग्या पडून तिथे उष्णता तयार होते, आणि राळ करपून तिचा कोळसा होऊ लागला की कोळसा या लहरी अधाशासारख्या पितो. मग तापमान झपाट्याने चढते. चीनच्या शानडोंग विद्यापीठातल्या संशोधकांनी धातूच्या या ठिणग्यांचाच उपयोग करून बोर्ड तापवण्याचा अभ्यास केला आहे. कामाची सुरुवात म्हणून काही जण बोर्डाच्या चुऱ्यात थोडा कोळसा आधीच मिसळतात.

महत्त्वाची अट अशी की भट्टी बंद हवी आणि आत हवेऐवजी नायट्रोजन हवा. ऑक्सिजनच नसला की राळ जळत नाही, तिचे विघटन होते. तिच्यातून तेल निघते, वायू निघतो, थोडा कोळसा उरतो. ब्रोमीन आम्लाच्या वाफेच्या रूपाने बाहेर येते. ती वाफ क्षाराच्या पाण्यातून नेऊन पकडावी लागते. हे झाल्यावर भट्टीतून जे बाहेर येते ते त्या कोष्टी बाबांना दाखवायला हवे होते: राळ गेलेली असते, पदर सुटलेले असतात, आणि काचेचे कापड एकीकडे, तांब्याचा पत्रा दुसरीकडे असे हाताने वेगळे करता येतात. जळालेले, ऑक्सिजन खाल्लेले तांबे आणि असे निघालेले तांबे यांच्या किमतीत फरक पडतो.

ही कल्पना कालची नाही. अमेरिकेत 1990 च्या दशकात फ्लोरिडा विद्यापीठाचे डेव्हिड क्लार्क आणि रिबेका शुल्झ, आणि सॅव्हाना रिव्हर या अणुकचऱ्यावर काम करणाऱ्या प्रयोगशाळेचे जॉर्ज विक्स यांनी सर्किट बोर्ड मायक्रोवेव्हने तापवून त्यातले धातू काढण्याची रीत विकसित केली. 1998 मध्ये तिचे पेटंट मिळाले. त्यांची भट्टी हजार अंशांच्याही वर जात असे. धातू तळाशी गोळा होई, काच वर राही, आणि निघणारा धूर दुसऱ्या मायक्रोवेव्ह कप्प्यातून नेऊन निर्धोक केला जाई.

मग इतक्या वर्षांत ही भट्टी गल्लोगल्ली का आली नाही? कारणे आहेत. घरच्या मायक्रोवेव्हमध्ये जेवण एका बाजूला गरम आणि मध्ये गार राहते, तोच दोष मोठ्या भट्टीतही येतो, आणि टनावारी माल असला की तो दोष महाग पडतो. बॅटऱ्या आणि कपॅसिटर आधी हाताने काढावेच लागतात, नाहीतर स्फोट. निघालेल्या तेलात ब्रोमीन उरले तर ते तेल विकता येत नाही. आणि मोठ्या प्रमाणावर काम करणारे दुसरे लोक बाजारात आधीच आहेत: बेल्जियममध्ये अँटवर्पजवळ युमिकोर कंपनीची प्रचंड भट्टी जगभरचे बोर्ड गिळते. आपल्याकडचे नोंदणीकृत कारखानेही बोर्डांचा माल अशा परदेशी भट्ट्यांना पाठवत आले आहेत. म्हणजे खाप्याच्या पाटीपुढे मुख्य रस्ते दोन: मुरादाबादची अंगणातली आग, नाहीतर जहाजाने युरोप.

आम्हाला मायक्रोवेव्हचे महत्त्व वाटते ते इथे. युमिकोरसारखी भट्टी उभारायला राजाचा खजिना लागतो. मायक्रोवेव्हची भट्टी लहानही चालते. बटण दाबले की सुरू, बटण दाबले की बंद. ती जिल्ह्याच्या औद्योगिक वसाहतीत मावते. आणि मायक्रोवेव्हने कचरा हाताळणे आपल्याला नवे नाही. दवाखान्यांचा कचरा जंतुमुक्त करण्यासाठी ही रीत आपल्या सरकारी नियमांत मान्य आहे, आणि मुंबईत पवईला 1984 पासून असलेल्या सॅमीर या सरकारी प्रयोगशाळेने त्यासाठी देशी यंत्रही बनवले आहे. सुई-कापसासाठी जे करता आले ते बोर्डासाठी करणे अवघड आहे, अशक्य मात्र नाही. सप्टेंबर 2025 मध्ये केंद्र सरकारने कचऱ्यातून दुर्मिळ खनिजे परत मिळवण्यासाठी 1,500 कोटी रुपयांची योजना मंजूर केली. त्यातला काही पैसा लहान भट्ट्यांकडे वळावा असे आम्हाला वाटते.

हे सगळे आम्ही चाचांना आमच्या परीने समजावले. त्यांनी शांतपणे ऐकले आणि एकच विचारले, "अशी मशीन नागपूरला आली तर आमचे काय? मालकाचा ट्रक थेट घरोघर जाईल ना?"

हा प्रश्न कुठल्याही विज्ञानापेक्षा अवघड आहे. 1 एप्रिल 2023 पासून ई-कचऱ्याचे नवे नियम लागू झाले. त्यांत कंपन्यांवर जबाबदारी टाकली आहे की विकलेल्या मालाच्या ठरावीक हिश्शाइतका कचरा नोंदणीकृत कारखान्यातून पुनर्वापरात आला पाहिजे. नोंद आहे ती उत्पादकाची, दुरुस्ती करणाऱ्याची, कारखान्याची. दारोदार फिरून गोळा करणाऱ्या चाचांसाठी त्या यादीत रकाना नाही. मात्र त्याच नियमांत राज्य सरकारांना सांगितले आहे की सुटे भाग काढणाऱ्या आणि पुनर्वापराच्या कामगारांची नोंद करावी, त्यांचे गट बांधायला मदत करावी, त्यांना प्रशिक्षण द्यावे, जागा राखून ठेवावी. हे वाक्य कागदावरून उठवायचे तर कुणीतरी जाऊन मागावे लागेल. पुण्यात कचरावेचकांची स्वतःच्या मालकीची 'स्वच्छ' ही सहकारी संस्था महापालिकेबरोबर काम करते आणि ई-कचराही गोळा करते. नागपूर, कामठी, मालेगाव, भिवंडी इथे भंगाराच्या धंद्यात आपली इतकी कुटुंबे आहेत. जमातच्या बैठकांत जकातीच्या वाटपाइतकाच वेळ या नोंदणीला दिला तर कुणाचे काही बिघडणार नाही.

बोर्ड फोडून, बॅटरी-कपॅसिटर अचूक काढणे हे मशीनला आजही नीट जमत नाही. ते काम हातांचेच आहे, आणि चाचांच्या हातांना ते येते. आम्ही त्यांना एवढेच सांगितले. त्यांनी मान डोलावली, पण पटल्यासारखी नाही.

तिथून आम्ही नदीवर गेलो. खाप्याच्या काठावरून खाली पाहिले की कन्हान रुंद आणि निवांत दिसते. सातपुड्यात, छिंदवाडा जिल्ह्यात उगम. खाप्यानंतर बिना संगमाजवळ तिला पेंच मिळते, मग ती कामठीच्या बाजूने जाते, आणि तिथल्या जलशुद्धीकरण केंद्रातून तिचे पाणी नागपूरच्या मोठ्या भागाच्या नळांना येते. पुढे अंभोऱ्याला ती वैनगंगेत जाते. या काठावर कुणी एक भट्टी पेटवली, एक डबा तेजाब ओतला, तर ते पाणी नागपुरातल्या मशिदीच्या हौदापर्यंतही जाईल. वाहत्या नदीच्या काठी बसूनही वजूला पाणी बेताने घ्यावे, असे आपल्याला लहानपणी शिकवलेले असते. तेजाबाविषयी वेगळे शिकवायची त्या काळी गरज नव्हती. रामगंगेच्या काठी जे घडले ते कन्हानच्या काठी अजून घडलेले नाही, हे पाहून आम्हाला बरे वाटले.

संध्याकाळी यजमानांच्या घरी हा विषय निघाला आणि सगळ्यांनी कपाटे धुंडाळली. बंद पडलेले सहा फोन, दोन रेडिओ, चार्जरचा एक गुंता, आणि जुन्या एलईडी दिव्यांचा डबा निघाला. आम्ही तिथे सांगितले तेच इथेही सांगतो. वस्तू फोडू नये, अख्खी द्यावी. फुगलेली बॅटरी असली तर ती दाबू नये, टोचू नये, वेगळी कोरड्या जागी ठेवावी. कबाडीला देताना त्याला विचारावे की माल पुढे नोंदणीकृत कारखान्याकडे जातो का. दहा घरांनी विचारले तर तोही वरच्याला विचारू लागेल. कंपनीच्या दुकानात जुना फोन परत घेतात का तेही पाहावे. आणि कुणाच्या उत्साही मुलाने हे वाचून घरच्या मायक्रोवेव्हमध्ये बोर्ड ठेवला तर धूर विषारी निघेल, आग लागू शकेल आणि त्या भट्टीत पुन्हा अन्न शिजवता येणार नाही. हा प्रयोग घरी मुळीच करायचा नाही.

फोन देण्याआधी त्यातले सिम आणि कार्ड काढून आतली माहिती पुसावी. लोकांचे फोटो, निरोप ही अमानतच असते. सहापैकी पाच फोन पिशवीत गेले. सहावा खालाजाननी उचलून परत ओढणीत बांधला. त्यात मरहूम खालूंचा आवाज आहे, म्हणाल्या, नागपूरला नेऊन तो आधी कुणाकडून तरी काढून द्या, मग हवा त्याला द्या.